खुणेचा पत्रा

“शिडी धर, आणि वांगडा तोंडय मिटून धर,” माझे सासरे, दाजी, वरून म्हणाले.

मी दोन्ही धरलं. चैत्रातलं सकाळचं ऊन अजून कोवळं होतं, पण दाजींना घाई होती. पत्रा तापला की त्यावर पाय ठरत नाही आणि रंगही नीट पसरत नाही. म्हणून दव सुकलं की चढायचं आणि ऊन चढलं की उतरायचं, असा त्यांचा बेत होता. लंगोटी नेसून ते मांगराच्या छपरावर उकिडवे बसले होते आणि नारळाच्या सोडणानं पत्रा खसाखसा घासत होते. मांगर म्हणजे आमची जाळी ठेवायची खोप. तिच्यावरचे जस्ती पत्रे जुने, खाऱ्या वाऱ्यात राहून करडे पडलेले, वर पिठासारखी पांढरी पूड धरलेली. ती पूड सोडणानं सुटली की दाजी वरून बादली ओतायचे. पाणी समुद्राचं. भरतीला समुद्र आमच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पायरीला लागायचा. बादली बुडवली की भरली.

मला तोंड मिटायला सांगितलं ते या पाण्यावरूनच. आमच्या शेजारी इनास राहायचा. एका पायानं अधू, पण माडी उतरवून, आंबवून तिचा आंबटजर्द शिर्का करण्यात पटाईत. त्याच्या न्हाणीवरच्या पत्र्याला रंग लावून जमाना झाला होता, तरी तो तसाच होता. इनासचं म्हणणं असं, की पत्रा आधी शिर्क्यानं पुसायचा, मग गोड्या पाण्यानं धुवायचा, पुरता सुकू द्यायचा, आणि मगच रंगाचा हात मारायचा. खार खाली राहिला तर रंग वरवर बसतो, धरत नाही. शिर्क्याची बुधली त्यानं आणूनही दिली होती. मी तेवढंच दाजींना म्हटलं होतं, की गोडं पाणी नको का?

“समुद्राच्या पाण्यान होडी धुतली, जाळी धुतली, तुझ्या घोवाक लहानपणी तेतूरच बुचकळून काढलो,” दाजी म्हणाले. “पत्रो काय सोन्याचो लागान गेलो?”

आमच्या लोकांचं समुद्राबाबत असं आहे. तो बुडवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या पाण्यानं काही बिघडतं हे कोणाला पटत नाही.

पत्रा रंगवायची ही उठाठेव हौसेची नव्हती. समुद्रातून आमच्या खाडीत शिरायची वाट अरुंद. एका अंगाला वाळूची दांडी, दुसऱ्या अंगाला पाण्याखाली खडप, म्हणजे खडकाचा पट्टा. ओहोटीला त्या खडपाची पाठ तेवढी वर दिसते, म्हणून त्याला म्हस म्हणतात. वाट पाण्यावर दिसत नाही, ती जुळवावी लागते. मागच्या टेकडीवरचा वड आणि पुढे आमच्या खळ्यातला उंच माड एका रेषेत आले, की वाट बरोबर. माड वडाच्या एका अंगाला सरकलेला दिसला तर वाळू, दुसऱ्या अंगाला सरकलेला दिसला तर म्हस. याला खूण म्हणतात. तो माड भुंग्यानं पोखरला होता आणि फाल्गुनात मधोमध मोडून पडला. नवा माड तेवढा उंच व्हायला एक जन्म जायचा. माडाच्या बरोब्बर मागे आमचा मांगर. त्याचं समुद्राकडे उतरणारं छप्पर पांढरंशुभ्र केलं तर तीच खूण होईल, असं वाडीनं ठरवलं, आणि दाजींनी ते काम आपल्या अंगावर घेतलं. जन्मभर तांडेल म्हणून होडी हाकलेला माणूस. डोळ्यांत सारा, म्हणजे मोतीबिंदू, उतरला म्हणून किनाऱ्याला लागला होता. जन्मभर जी खूण बघितली ती आता आपल्या हातानं करायची, याचा त्यांना केवढा अभिमान होता ते मला दिसत होतं. म्हणूनही मी तोंड मिटलं.

होडीवर आता माझा नवरा जायचा, लवू. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता लिहिताना घेते, ओरडायला कोणी उरलेलं नाही.

गोड्या पाण्याची विहीर आमच्या घरापासून लांब, वर डोंगराच्या पोटाला. चैत्रात पाणी तळाला जातं आणि पायऱ्या उतरून भरावं लागतं. आदल्या वर्षी त्याच पायऱ्यांवर मी हंड्यासकट घसरले होते आणि पोटातलं मूल गेलं होतं. त्यावर घरात नंतर कोणी बोललं नाही. सासूबाई नव्हत्या, आणि सासऱ्यानं सुनेशी असलं काही बोलायचं नसतं. आता मला पुन्हा दिवस गेले होते. लवूशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. तीन महिने होईपर्यंत सांगायचं नसतं, दृष्ट लागते. घरापुरत्या दोन कळशा मी आणायचे, त्यासुद्धा जीव मुठीत धरून.

अख्खं छप्पर धुवायचं तर किती हंडे लागले असते कोण जाणे. आणि आमच्याकडे बाप्ये विहिरीवर जात नसत. पाणी भरणं बायकांचं. कुणाचा नवरा हंडा घेऊन दिसला तर वाडी वर्षभर हसली असती.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली होती. पत्रा धुवायला सुरुवात केली त्याच्या आदल्या दुपारी, सगळी वाडी जेवून आडवी झालेली असताना, दाजी विहिरीच्या वाटेनं येताना दिसले. दोन्ही हातांत रॉकेलचे डबे, पाण्यानं भरलेले. घामानं निथळत होते. मी धावले तर म्हणाले, आंब्याच्या कलमाला घालायचंय. संध्याकाळी त्यांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कंबरेला पंचा आवळून ते पत्र्यावर चढले, समुद्राची बादली घेऊन.

रंगाचे दोन हात झाले. छप्पर असं झळकलं की खळ्यात उभं राहून त्याच्याकडे बघवेना. लवू संध्याकाळी परत आला तो हसतच. म्हणाला, पार लांबून दिसतं, आंधळ्यालाही दिसेल. दाजी त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवले.

मग एका सकाळी मला पहिला फोड दिसला.

मांगराचं छप्पर पुढच्या बाजूला हाताला लागेल इतकं खाली उतरतं. सुकत घातलेलं लुगडं काढताना माझं लक्ष गेलं. रंग एका जागी फुगून आला होता, भाजलेल्या हातावर यावा तसा. मी बोटानं दाबलं. पापुद्रा फुटला आणि खालून ओलसर, करडा पत्रा दिसला. बोट जिभेला लावलं. खारट.

दाजींना दाखवलं. त्यांनी बराच वेळ त्या जागेवरून हात फिरवला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण हाताला कळलं. मग म्हणाले, वायच ठिगळ लावलं की झालं. त्या दिवसापासून ते रोज दव सुकलं की वर चढायचे, फुगलेलं खरवडायचे, ब्रश फिरवायचे. आज इथलं झाकलं की उद्या तिथं फुगायचं. मी खाली शिडी धरून उभी, आणि माझं सगळं लक्ष समुद्राकडे. सकाळी गेलेली होडी दिसेनाशी झाली की दिवसभर घास गिळायचा नाही. स्वयंपाक करताना कान पत्र्याकडे, पाणी भरताना डोळे आभाळाकडे. वैशाख लागला होता, आणि वैशाखात कधी वारा उठेल याचा भरवसा नसतो.

शेवटी एके दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “दाजीनू, सगळो रंग खरवडून काढूया. मी गोडा पाणी आणतंय, व्हया तितक्या.”

दाजींनी हातातला ब्रश आपटला. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“तुका कोणी इचारल्यान? रांधपाचा बघ. परत त्या पाण्याचा नाव काढलंस तर बघ.”

मी चुलीपाशी बसून रडले. लवूलाही सांगितलं. तो म्हणाला, दाजींनी केलेली खूण, ती कुठं जाते पळून? बापावर त्याचा असा विश्वास, आणि बापाला आपल्या हट्टापुढं पोराचा जीवही दिसू नये, असं तेव्हा माझ्या मनात आलं. सासऱ्याबद्दल इतकं वाईट मी आधी कधी मनात आणलं नव्हतं.

वारा उठला तो भर दुपारी. सकाळपासून उकडत होतं, पान हलत नव्हतं. लवूच्या होडीबरोबर वाडीच्या आणखी दोन होड्या बाहेर होत्या. मी जेवणाची भांडी घासत होते, तोच नैर्ऋत्येकडे आभाळ काळं झालं आणि बघता बघता समुद्राचा रंग पालटला. पहिली झुळूक आली ती माडांच्या झावळ्या उलट्या करूनच. दुसऱ्या झोताबरोबर माझ्या समोर खळ्यात काहीतरी येऊन पडलं. तळहाताएवढा पांढरा पापुद्रा.

मी वर बघितलं. पावसाचे थेंब पडायला लागले होते आणि छपरावरचा रंग उठत होता. कडेनं सुटायचा, वाऱ्यात फडफडायचा आणि निघून जायचा. खालचा करडा पत्रा उघडा पडत होता. वर करडं आभाळ, समोर करडा पाऊस, आणि त्यात करडं छप्पर. समुद्रावरून ते दिसणं शक्य नव्हतं.

दाजी पडवीतून बाहेर आले. कपाळाला हात लावून छपराकडे बघत राहिले आणि मला विचारलं, “पांढरा काय काय उरला? नीट सांग.”

मी सांगितलं. मधलं सगळं गेलं होतं. विहिरीच्या अंगाचा टोकाचा एक पत्रा तेवढा होता तसा आहे, लख्ख.

दाजींचा चेहरा उतरला. “टोकाचो? तो म्हशीच्या अंगाचो,” ते म्हणाले. “खूण सरकली गो. नसलेली परवडता, सरकलेली नाय. पोरा त्याच पत्र्याक खूण समाजतली.”

होड्या पावसातून येतील, एक पांढरा ठिपका दिसेल, त्याला वडाखाली धरून विश्वासानं आत वळतील, आणि समोर म्हस. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. इनास लंगडत कुंपणातून आला होता. दाजींनी त्याला मांगरातलं काळं जाळं काढून टोकाच्या पत्र्यावर टाकायला सांगितलं. मला म्हणाले, “माळ्यारचा शीड काढ.”

ते शीड दाजींच्या जुन्या होडीचं. होडीला इंजिन आलं तेव्हा त्यांनी ते घडी घालून ठेवलं होतं, आणि कोणाला हात लावू देत नसत. जाड मांजरपाट, धुऊन धुऊन पांढरं पडलेलं. आम्ही ते ओढत बाहेर आणलं. चार कोपऱ्यांना दोर बांधले. दाजी एक टोक दातांत धरून शिडी चढले. मागून मीही पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“पाय खाली घे!”

वाऱ्यातही तो आवाज असा आला की मी पाय ओढून घेतला. त्यांनी मला खालून समुद्राकडचा दोर धरायला लावला. दुसरा इनासनं धरला, वरचे दोन दाजींनी पत्र्याच्या आढ्याला बांधले. शीड छपराच्या मधोमध पसरलं, क्षणभर सपाट झालं, आणि वारा खाली शिरताच टम्म फुगून वर आलं. दोर माझ्या हातातून सरकला, तळवे सोलून निघाले. वर दाजी चाचपडत एक बाजू दाबत होते तर दुसरी उठत होती. उठलेलं शीड खूण होत नाही. ते फाटून गेलं असतं आणि दाजींनाही घेऊन गेलं असतं.

मग ते त्याच्यावर आडवे झाले. मधोमध, पालथे, हातपाय चारी बाजूंना ताणून. उघडे, काळेकुळकुळीत, अंगावर लंगोटी. शीड त्यांच्याखाली दबून बसलं. पाऊस त्यांच्या पाठीवर तडातडा वाजत होता आणि ते हलत नव्हते.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मी दोर कंबरेला गुंडाळून घेतला तर इनास ओरडला, कंबरेला नको. मी दोर माडाच्या थोटकाला वेढला आणि त्यावर पाय रोवून उभी राहिले. पहिली होडी दिसली तेव्हा ती पार एका बाजूला होती. हळूहळू वळली, सरळ झाली आणि खाडीत शिरली. दुसरी तिच्या पाठोपाठ आली. मग बराच वेळ नुसता पाऊस. मग तिसरी, ती लवूची. म्हशीवर लाटा फुटून पाणी उडत होतं आणि होडी त्या पाण्याआड गेली. मी डोळे मिटले. त्या वेळी मी काय काय बोलले, कोणाकोणाला नवस केले, ते सगळे नंतर फेडायलाही जमले नाहीत.

इनास म्हणाला, “भितर इली गो.”

लवू धावत खळ्यात आला. अंगावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते. पण विचारलं ते हेच.

“पांढऱ्यात मधी काळो ठिपको कसलो होतो? शीड कधी दिसा, कधी नाय, तो ठिपको मात्र हललो नाय. तेच्यारच नजर ठेवन इलंय.”

मी वर बोट केलं. दाजींना उठता येत नव्हतं. लवूनं वर चढून त्यांना पाठीवर घेतलं आणि खाली आणलं.

आजही आमच्या मांगराचं छप्पर पांढरं असतं आणि त्याच्या मधोमध काळा ठिपका असतो. आता होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आली, खुणेकडे कोणी बघतं की नाही कोण जाणे. तरी रंगाचा हात फिरला की वर काळा ठिपका रंगवतातच. नव्या खलाशांना वाटतं, ही काहीतरी सरकारी खूण असेल.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. पाऊस ओसरला होता. दाजी पडवीत अंथरुणाला खिळले होते. मी जाळं काढायला मांगराकडे गेले आणि तो टोकाचा पत्रा समोर आला. सगळं छप्पर सोलून निघालेलं, आणि हा एकटा कालच रंगवल्यासारखा. मी नखानं खरवडून बघितलं. रंग निघेना. खुरप्याचं टोक लावलं, तरी निघेना. वाकून बघितलं तर खालच्या वळचणीला इनासची शिर्क्याची बुधली, अर्धी रिकामी. मला ते रॉकेलचे दोन डबे आठवले. दोन डब्यांत धुऊन होईल तेवढाच हा पत्रा होता. आंब्याच्या कलमाला त्या दिवशी पाणी मिळालंच नव्हतं.

मी घरात आले, तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि दाजींची कंबर शेकायला बसले. बोलावं की नाही कळत नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी असलं बोलायचं नसतं.

“दाजीनू,” मी म्हटलं, “गोडा पाणी व्हया होता, ह्या तुमका म्हायत होता.”

मी मिठाची पुरचुंडी कंबरेवर सरकवली.

“ह्यांका सांगायचा होतात. ह्यांनी भरला असता.”

“लवूक सांगितलंय असतंय तर तेना तुकाच सांगितल्यान असता. बाप्ये हंडे उचलतत काय?”

मी शेक देत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तीन महिने व्हायचे होते, म्हणून दिवस गेल्याचं मी लवूशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, असं मी कसंबसं म्हटलं.

“बांगड्याच्या वासाक तू नाकाक पदर लावतंस. सारा डोळ्यात इलोहा, नाकात नाय,” दाजी म्हणाले. मग आवाज खाली आणून: “पाऊस लागापर्यंत रंग टिकतलो असा वाटला होता. मगे पावसाच्या गोड्या पाण्यानच धुतलो असतो पत्रो, सगळो. चुकलंय मी. लवूचो जीव जातलो होतो.”

“तुमची कंबर मोडली, तरी सांगूक नाय.”

दाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

“रंग परत लावूक येता गो,” ते म्हणाले. “मीठ थंड झाला. परत तापव.”

मी उठून चुलीकडे गेले.